अचानक ठरलेलं लंच: छप्पन की विजयनगर?

पुण्या-मुंबईचे पाहुणे इंदूरला आले की हे हमखास होतं. सकाळी पोहे-जलेबी दाबून झालेली असते, घरी कुकर लावायचा कंटाळा आणि साडेबाराला कोणीतरी म्हणतं, चला बाहेरच जेवू. सराफा रात्रीचा, दागिन्यांची दुकानं बंद झाल्यावरच तिथं खाण्याचे ठेले लागतात. मग आमच्याकडे वाद उरतो तो छप्पन, म्हणजे छप्पन दुकान ही इथली खाऊगल्ली, की विजयनगर भागातलं एखादं नवं, काचा-झाडंवालं, पास्ता ते पनीर टिक्का सगळं मिळणारं रेस्टॉरंट, एवढाच.

चवीचं म्हणाल तर छप्पन, यात मला तरी शंका नाही. गरम खोपरा पॅटीस फोडला की बटाट्याच्या आवरणाआडचं ओलं खोबरं वाफाळत बाहेर येतं, तसं काही त्या रेस्टॉरंटच्या मेन्यूत शोधूनही मिळणार नाही. वर दुधाची घट्ट शिकंजी घेतली की संध्याकाळपर्यंत भूक नाही. स्वच्छतेची काळजी असणाऱ्यांना सांगायला 2019 चा क्लीन स्ट्रीट फूड हबचा दर्जा आहेच, आणि खर्चही निम्म्याहून कमी.

पण माझं घोडं एका गोष्टीवर अडतं. तिथं पाचजण एकत्र जेवतच नाहीत. पॅटीस एका दुकानात, हॉट डॉग दुसऱ्या, शिकंजी तिसऱ्या, म्हणजे सतत कोणीतरी लायनीत उभं असतं आणि मावशी बिचारी सगळ्यांच्या पर्स मांडीवर घेऊन जागा धरून बसलेली, हातातला पॅटीस गार होतोय तरी खात नाही कारण बाकीचे यायचेत. आणि सगळे आले की तिचं पाणी आणायला मी उठतो. इतक्या दिवसांनी ती आलीये आणि तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं काय ठरलं हे विचारायचंसुद्धा राहून जातं, हे मला फार लागतं.

विजयनगरला त्रास नाहीत असं नाही. म्युझिक मोठं असतं, एकाची डिश आधी येते नि दुसऱ्याची वीस मिनिटांनी. पण हे त्रास सांगून सुटतात. आवाज कमी करा म्हटलं की बहुतेक ठिकाणी करतात, सगळं एकदम आणा हे ऑर्डर देतानाच सांगायचं. बिलातला 5 टक्के जीएसटी द्यावाच लागतो, सर्व्हिस चार्ज मात्र ऐच्छिक आहे, 2022 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टानेही ती उचलून धरली, त्यामुळे लावला असेल तर शांतपणे काढायला सांगा. छप्पनची लाईन कोणाला सांगून संपणार?

अर्थात दोघंच असाल, पाय धड असतील, तर खुशाल छप्पन गाठा, मीसुद्धा तेच करेन. पण बरोबर साठीच्या पुढचं कोणी असेल किंवा मनातलं बोलायचं असेल तर मी विजयनगर म्हणेन. रविवारी एक वाजल्यानंतर टेबलासाठी ताटकळावं लागतं, तेव्हा घरातून निघतानाच फोन करा आणि स्पीकरपासून लांबचं, भिंतीकडचं टेबल मागा.