गादीचं झिपवालं कव्हर: सोलापुरात कुणी घ्यावं, कोणतं घ्यावं

अंथरुणातून उठताच शिंकांची माळ आणि दिवस वर चढला की नाक मोकळं, असं रोज होत असेल तर पहिला संशय गादीवर घ्या. गादीतले धूळकिडे डोळ्यांना दिसत नाहीत. त्रास देते मुख्यतः त्यांची विष्ठा. तिचे कण तुलनेनं जड, अंथरूण झटकलं की उडतात आणि थोड्या वेळात खाली बसतात. म्हणून आधी गादीला कव्हर, एअर प्युरिफायरवर खर्च नंतर. तसाही कूलर लावला की खिडकी उघडी ठेवावी लागते, मग प्युरिफायर गल्लीतलीच हवा गाळत बसतो!

दुकानात 'वॉटरप्रूफ प्रोटेक्टर' मागितलात तर बहुधा कडेला इलॅस्टिक असलेलं, वरूनच बसणारं मिळेल. तळ उघडा राहतो, ते नको. गादी सहाही बाजूंनी बंद करणारं घ्या आणि कापडाची छिद्रं १० मायक्रॉनपेक्षा बारीक असल्याचं पाकिटावर बघा. प्लास्टिकचा थर असलेलं किडे अडवतं, पण मे महिन्यात त्यावर पाठ टेकवणं शिक्षाच. घट्ट विणीचं कापड महाग पडतं, तरी तेच बरं.

कापसाची गादी एकसारखी नसते. जाडी सर्वांत फुगीर जागी मोजा, नाहीतर कोपऱ्यात झिप उसवते. कव्हर चढवण्याआधी गादी दोन्ही बाजूंनी कडक उन्हात वाळवा. ओल आत कोंडली की बुरशी धरते. उशीलाही असंच कव्हर हवं, नाक तिथेच असतं.

नुसत्या कव्हरनं मात्र भागत नाही. वरची चादर दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवावी लागते. जाडजूड सोलापुरी चादर इतक्यांदा कोण धुणार? ती कपाटात ठेवा, अंथरायला-पांघरायला साधं सुती घ्या. इथला कोरडा उन्हाळा धूळकिड्यांना मानवत नाही, पण बंद खोलीतला कूलर हवा दमट करून त्यांची सोय करतो. समोरची खिडकी उघडी ठेवा, टाकी आठवड्याला घासा, कुबट वास येणारं गवत बदला.

त्रास पावसाळ्यानंतर, मोकळ्या प्लॉटजवळून जाताना वाढत असेल, डोळे चुरचुरत असतील, हातांवर पुरळ येत असेल, तर गाजरगवतावर संशय घ्या. ते फुलण्याआधी उपटायला हवं, तेही हातमोजे घालून आणि ॲलर्जी नसलेल्या माणसानं. गाजरगवताचा त्रास असणाऱ्यांनी कव्हरचे पैसे वाचवावेत. छातीत घरघर होत असेल तर आधी डॉक्टर गाठा.