तालुक्याची बँकशाखा: रोकड चोख, भाषा उसनी

गडचिरोली जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी एका राष्ट्रीयीकृत बँकेची शाखा आहे. धानाचे चुकारे, पीक कर्ज, निराधारांचे अनुदान, सगळ्यासाठी तिथेच जावे लागते. रोखपालाचा हात चपळ आहे आणि पासबुक वेळेवर भरून मिळते. माझी तक्रार भाषेची आहे.

दाराशी असलेल्या पांढऱ्या फळ्यावर ‘आज का शब्द’ न चुकता बदलतो. मागच्या खेपेस तिथे ‘अनुमोदन’ हा शब्द होता. केंद्राच्या 1976 च्या राजभाषा नियमांनुसार महाराष्ट्र ‘ख’ क्षेत्रात, म्हणजे हिंदीच्या वापरासाठी पाडलेल्या तीन गटांपैकी दुसऱ्यात, मोडतो आणि हिंदीच्या वापराचा हिशेब वर पाठवावा लागतो, म्हणून ही निष्ठा समजण्यासारखी आहे. पण छापील अर्ज हिंदी व इंग्रजीबरोबर प्रादेशिक भाषेतही ठेवावेत, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना असताना मराठी अर्ज मागितला की ‘संपले’ असे उत्तर येते, आणि पीक कर्जाच्या इंग्रजी करारनाम्यावर शेतकरी बोट दाखवतील तिथे सह्या करत जातो.

मराठीत विचारल्यावर परप्रांतातून बदलून आलेल्या अधिकाऱ्यांनी मला हिंदी ही राष्ट्रभाषा असल्याचे ऐकवले. राज्यघटनेत राष्ट्रभाषा असा शब्दच नाही. 343 व्या अनुच्छेदाने हिंदीला संघराज्याची राजभाषा केले, तर 345 व्या अनुच्छेदाने राज्यांना आपली भाषा ठरवण्याची मुभा दिली, आणि महाराष्ट्राने 1964 च्या कायद्याने मराठी ठरवली. एवढ्या भाषांच्या देशात कारभाराला राजभाषा लागणारच, हे मला मान्य आहे. दिल्लीला जाणारा कागद खुशाल हिंदीत जावा, पण ज्याचे खाते आहे त्याला खिडकीवर त्याच्या बोलीत उत्तर मिळाले पाहिजे.

हे म्हणताना मलाही थोडे ओशाळायला होते. त्याच दिवशी टोल्यावरच्या, म्हणजे पाड्यावरच्या, एक आजी अनुदान का अडले ते गोंडीतून विचारत होत्या. शिपायाने ते मराठीत सांगितले, लिपिकाने साहेबांना हिंदीत, साहेबांनी संगणकावरचा इंग्रजी शेरा वाचला आणि उत्तर त्याच वाटेने परत आले: केवायसी बाकी आहे. 2011 च्या जनगणनेत सुमारे 29 लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा नोंदवली, तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांत ती नाही. आजींच्या लेखी माझी मराठीही सरकारी भाषाच.

पाचपैकी तीन तारे देतो, त्यातला एक त्या शिपायाचा. येत्या मे महिन्यात तो निवृत्त होतो आहे.