कॅनडातली सेटलमेंट एजन्सी: नऊ महिने वापरल्यावर, बडोद्याहून जाणाऱ्यांसाठी

बडोद्यात कॅनडाचं नाव काढलं की गाडी थेट अलकापुरीतल्या एजंटच्या ऑफिसपाशी थांबते. तिकडे उतरल्यावर शाळा, कागदपत्रं, इंग्रजीचे वर्ग यांत हात देणाऱ्या धर्मादाय संस्था, म्हणजेच सेटलमेंट एजन्सी, आहेत आणि त्या एक पैसा घेत नाहीत, हे दांडिया बाजारात अजून फारसं कुणाच्या कानावर नाही. ब्रॅम्प्टनमधली अशी एक संस्था बडोद्याच्या तीन मराठी कुटुंबांनी नऊ महिने वापरली. हा अनुभव त्यावरचा आहे, म्हणजे ऑन्टॅरिओपुरता. दुसऱ्या प्रांतात नियम बदलतात.

आधी पात्रता, कारण बरेच जण दारातूनच परत फिरतात. संस्था स्थानिक असली तरी बहुतेक पैसा तिथल्या केंद्र सरकारचा, म्हणून पूर्ण सेवा पीआरवाल्यांना (म्हणजे कायम राहण्याचा परवाना असलेल्यांना) आणि संरक्षण मिळालेल्या निर्वासितांना. स्टडी किंवा वर्क परमिटवर असाल तर प्रांताच्या निधीतले मोजके कार्यक्रम मिळू शकतात, तेवढं विचारून घ्यावं. सुपर व्हिसावर (आईवडिलांसाठीचा लांब मुदतीचा व्हिसा) आलेल्या सासूबाई पाहुण्या धरल्या जातात, त्यांना इंग्रजीच्या वर्गात बसता येत नाही. आणि नागरिकत्व घेतलं की या निधीतली सेवा बंद.

पीआर मंजूर झाल्याचं पत्र हातात असेल तर बडोद्यात बसून ऑनलाइन भेट घेता येते, आणि ती घ्यावीच. वेळेकडे मात्र डोळ्यात तेल घालून लक्ष द्या. तिकडचे सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागे जातात आणि तेच दहा आपल्याकडे साडेआठ होतात. एका घरात साडेसातला लॅपटॉप लावून पंधरा मिनिटं वाट बघितली आणि मिटवून टाकला. पुढची तारीख मिळाली तीन आठवड्यांनी.

पहिली भेट साधारण तासाभराची. गरजा विचारून वर्कर, म्हणजे संस्थेची कर्मचारी, एक योजना लिहून देते. मराठी बोलणारी वर्कर मिळेल ही आशा सोडा, गुजराती बोलणारी मागा. बडोद्याच्या माणसाला त्यात कसली अडचण!

सगळ्यात कामाची मदत झाली ती लसींच्या कागदांत. शाळेत नाव घालताना लसींची नोंद लागते, आणि ती तिथल्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आईवडिलांनीच कळवायची असते. डॉक्टरने लस दिली म्हणजे नोंद आपोआप पोचली असं होत नाही. ममता कार्ड, म्हणजे आपल्याकडचं लसीकरणाचं कार्ड, गुजरातीत, हाताने भरलेलं, तारखा पुसट. त्याचं इंग्रजी भाषांतर निघण्याआधीच करून घ्या. खरी मेख पुढे आहे. सरकारी लसीकरणात आपल्याकडे एमआर देतात, म्हणजे गोवर आणि रुबेला. त्यात गालगुंड नाही. ऑन्टॅरिओच्या शाळेला गालगुंडाची लसही लागते. शिवाय पहिला डोस नवव्या महिन्यात दिलेला असतो, आणि पहिल्या वाढदिवसाआधीचा गोवराचा डोस तिथे धरत नाहीत. कांजिण्या (2010 मध्ये किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी) आणि मेनिंगोकोकल (एक प्रकारचा मेंदूज्वर) या दोन लसीही तिथे लागतात, आपल्या सरकारी यादीत त्या नाहीतच. त्यामुळे ‘सगळं पूर्ण आहे’ म्हणून निघालेल्या मुलाच्या चारचार नोंदी अपुऱ्या निघतात आणि शाळेतून तात्पुरतं काढण्याची नोटीस येते. वर्करने कार्ड ओळीओळीने वाचून हे आधीच सांगितलं. खाजगी डॉक्टरकडे घेतलेल्या लसींच्या चिठ्ठ्या असतील तर त्याही बरोबर न्या.

दुसरं मुलांच्या भत्त्याचं, म्हणजे कॅनडा चाइल्ड बेनिफिट. आरसी66 फॉर्मबरोबर नवीन आलेल्यांनी आरसी66एससीएच जोडायचा असतो. त्यात कॅनडात येण्याआधीचं उत्पन्न लिहायचं, नवरा-बायको दोघांचं, कॅनेडियन डॉलरमध्ये. लोक तो रकाना कोरा सोडतात, नाहीतर रुपयांचा आकडा ठेवून देतात. मग अर्ज अडकतो. उत्पन्न नव्हतं तर शून्य लिहा, कोरं सोडू नका. पीआरवाल्यांना हा अर्ज पोचल्यापोचल्या करता येतो, तात्पुरत्या परमिटवाल्यांना मात्र 18 महिने थांबावं लागतं.

नावाचा घोळ तर बडोदेकरांच्या पाचवीलाच पुजलेला. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळं आणि वडिलांचं नाव गिव्हन नेममध्ये घुसलेलं. पहिल्याच दिवशी ठरवा: सिन नंबर (तिथला नोकरी-करासाठीचा सरकारी क्रमांक), बँक, आरोग्य कार्ड सगळीकडे पासपोर्टसारखंच नाव, अक्षरही इकडचं तिकडे नको. वर्करकडून ही सूचना उशिरा आली, तोवर एका घरात बँकेचं खातं वेगळ्या नावाने उघडून झालं होतं. इथे संस्थेचे गुण कापले.

नोकरीच्या बाबतीत फार अपेक्षा नको. रेझ्युमेची कार्यशाळा बरी, पण गटात पंचवीसेक माणसं; औषधनिर्माता आणि वेल्डर एकाच साच्यात बसवतात. घरभाड्यातही संस्था घर शोधून देत नाही. कायदा मात्र नीट सांगते: ऑन्टॅरिओत घरमालक आगाऊ म्हणून शेवटच्या महिन्याचं भाडं घेऊ शकतो, मोडतोडीसाठी वेगळी अनामत मागू शकत नाही, आणि प्रांताचा ठरलेला करारनामा वापरायला हवा. इंग्रजीच्या वर्गांना आधी पातळीची चाचणी असते. मुलं सांभाळण्याची सोय फुकट आहे, पण जागा कमी. चाचणीच्या दिवशीच तिथे नाव लिहा, वर्ग मिळाल्यावर नको.

मराठी मंडळाकडे या कामाची अपेक्षा ठेवू नये. गणपतीत बर्फाचे बूट कुठे स्वस्त मिळतात ते तिथे नक्की कळेल, फॉर्म मात्र वर्करसमोरच भरावा.

आणि गाडी चालवत असाल तर दरजीपुऱ्याच्या आरटीओतून लायसन्सचा एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे नोंदीचा अधिकृत उतारा, काढून ठेवा, लायसन्स पहिल्यांदा कधी मिळालं ती तारीख त्यावर असायला हवी. अधिकृत कागद नसेल तर ऑन्टॅरिओत फार तर एका वर्षाचाच अनुभव धरतात. दोन वर्षांहून जास्तीचा पुरावा मान्य झाला तर लेखी परीक्षेनंतर थेट जी टेस्ट, म्हणजे पूर्ण लायसन्सची चाचणी, देता येते. तिकडे गेल्यावर हा कागद मागवायचा म्हणजे घरच्या कुणालातरी आरटीओत खेटे घालायला लावणं आलं.