हॉलच्या भिंतीला अ‍ॅबस्ट्रॅक्ट: मोठी प्रिंट की छोटं ओरिजनल?

घोडबंदरला नवीन फ्लॅट घेतलेल्या ओळखीतल्या दोघातिघांनी हेच विचारलं, सोफ्यामागे अमेरिकन अ‍ॅबस्ट्रॅक्ट चित्रकार जॅक्सन पोलॉकची मोठी प्रिंट लावू की तेवढ्याच पैशात एखाद्या नवीन चित्रकाराचा छोटा कॅनव्हास घेऊ. माझ्याकडे दोन्ही लावून झालंय म्हणून लिहितोय.

प्रिंटने भिंत भरते, हे खरंच आहे. घरात शिरल्या शिरल्या नजर तिकडे जाते, आणि चार वर्षांनी कंटाळा आलाच तर बदलताना जिवावर येत नाही.

पण असल्या गुंत्याच्या चित्रात अर्थ लागतो तो थरांमधून. पोलॉक कॅनव्हास जमिनीवर पसरून वरून पातळ इनॅमल रंग ओतायचा, शिंपडायचा. कुठली रेघ आधी पडली, कुठली तिच्यावरून गेली, कुठे ओल्या रंगात दुसरा रंग मिसळला हे दिसायला लागलं की ढोल-ताशा पथकाच्या गोंगाटात ठेका धरणारा टोल सापडावा तसं होतं, मग बाकीचं आपोआप जागेवर बसतं. प्रिंटमध्ये हे सगळे थर एकाच सपाटीला येतात. त्यात साइज. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममधलं १९५० चं 'ऑटम रिदम' सव्वापाच मीटर रुंद आहे, ते आपण तीन फुटात बघणार.

तरी हे मी चालवून घेतलं असतं. मला नको झालं ते प्रिंटवरच्या काचेमुळे. माझ्याकडे त्याच्या 'नंबर १ए, १९४८' ची प्रिंट होती, त्यात उजवीकडे वरच्या बाजूला पोलॉकच्या स्वतःच्या हाताचे ठसे आहेत आणि मी चित्र बघायला नेहमी तिथूनच सुरुवात करायचो, कारण ते ठसे दिसले की एवढ्या जंजाळामागे एक माणूस उभा आहे हे जाणवतं. नेमकी तिथेच रात्री ट्यूबलाइट चमकायची आणि दिवसा बाल्कनीचं ग्रिल. जागा बदलली, दिवा बदलला, एक चमक गेली की दुसरी यायची.

आता तिथे जेमतेम दीड फुटाचा अ‍ॅक्रिलिक कॅनव्हास आहे, काच नाही. चाकूने ओढलेल्या राखाडी रंगाच्या कडा उठून आल्यात, त्यांच्या फटीतून खालचा गेरू डोकावतो, आणि संध्याकाळी खिडकीतून तिरपा उजेड आला की प्रत्येक कडेची बारीक सावली पडते, मग कुठला फटका कुठून कुठे गेला ते हात फिरवून बघितल्यासारखं कळतं. धूळ बसते, मऊ ब्रशने झटकावी लागते. पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर मात्र लावू नका, आणि कापड सैल पडलं तर मागच्या लाकडी पाचरा हळूच ठोकून घ्या.

प्रत्येकाच्या घराचा उजेड वेगळा, त्यामुळे तुमचं मत वेगळं पडू शकतं. पण पैसे देण्याआधी एका रविवारी लोकल पकडून सीएसएमटीला उतरा, जहांगीर आर्ट गॅलरीत जे लागलं असेल त्याच्या अगदी जवळ जाऊन, मग बाजूने तिरकं बघा. प्रिंटच घ्यायची ठरली तर काचेशिवाय, मॅट कॅनव्हासवर काढून घ्या. मी असतो तर छोटं ओरिजनलच घेतलं असतं, आणि ते खिडकीसमोर नाही, खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर लावलं असतं.