बिझीबॉक्स: जुन्या संगणकासाठी आटोपशीर अवजारे
चोपडा तालुक्यातील आमच्या वाचनालयात ५१२ एमबी रॅमचा संगणक अडगळीत पडला होता. त्यावर अल्पाइन लिनक्स ही हलकी संगणक प्रणाली बसवली तेव्हा तिच्यातील बिझीबॉक्स या आज्ञासंचाची थोरवी कळली. डेबियन या दुसऱ्या लिनक्स प्रणालीची बूट (संगणक सुरू करण्याची) व्यवस्था एकाच फ्लॉपीत मावावी म्हणून प्रोग्रॅमर ब्रूस पेरेन्स यांनी १९९०च्या दशकात लिहिलेला हा मुक्तस्रोत संच ग्रेप (मजकुरात शोध), व्हीआय (मजकूर संपादन), टार (फाइली एकत्र बांधणे) अशा शेकडो आज्ञा साधारण एक एमबीच्या एकाच फाइलमध्ये सामावतो, आणि प्रत्येक आज्ञेचे नाव म्हणजे त्या फाइलकडे नेणारा निव्वळ दुवा असतो. ही रचना मला फार आवडते. भारनियमनानंतर वीज आली की संगणक झटपट सुरू होतो. मात्र येथील ग्रेपमध्ये पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेच्या पद्धतीचे शोधनमुने चालत नाहीत, त्यामुळे पुस्तकसूची चाळणाऱ्या माझ्या स्क्रिप्टसाठी जीएनयू ग्रेप ही अधिक सोयींची आवृत्ती वेगळी बसवावी लागली.