अंभोऱ्याची मासोळी: बोटीत बसण्याआधी ऑर्डर द्या

नागपूर जिल्ह्यातल्या अंभोऱ्याला चांगली मासोळी मिळते, पण समोर एवढं पाणी दिसतं म्हणून ताटातला तुकडा त्याच पाण्यातला असेल असं धरून चालू नका. कुही तालुक्याच्या टोकाला कन्हान, आम, कोलारी आणि मुरझा या नद्या वैनगंगेला येऊन मिळतात आणि गोसेखुर्द धरणाचं मागचं पाणी इथवर पसरलेलं असतं. चैतन्येश्वराचं देऊळ, नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांना जोडणारा नवा केबलचा पूल आणि बोटीची फेरी, यामुळे सुटीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते. काठावरच्या टपऱ्या, टिनाच्या शेडातली हॉटेलं आणि रस्त्यावरचे ढाबे मासोळी रांधून देतात. हे परीक्षण त्यातल्या कुणा एकाचं नाही. या सगळ्या जागी मिळून काय मागावं, कसं तपासावं आणि काय टाळावं, एवढंच इथं आहे.

पहिली गोष्ट, समुद्राची मासोळी मागायची नाही. गोव्याच्या क्रूझवर जाऊन आलेले पाहुणे सोबत असले की सुरमई-पापलेटचा विषय निघतोच. मेन्यूकार्डावर ती छापलेलीही असेल. पण पश्चिम किनारा इथून आठशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि 1 जून ते 31 जुलै तिथली यांत्रिक मासेमारी बंद असते. इथपर्यंत पोचलेली सुरमई बर्फात किंवा फ्रीझरमध्ये बरेच दिवस काढून आलेली असते आणि तिचे पैसे मात्र किनाऱ्यापेक्षा जास्त पडतात. वैनगंगेच्या काठावर बसून ती खाण्यात काहीच अर्थ नाही.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. आंध्रातल्या तळ्यांत वाढवलेली रोहू आणि कटला बर्फाच्या पेट्यांतून विदर्भभर येते. खायला वाईट नसते, पण तिच्यासाठी कुहीपलीकडे गाडी हाकायची गरज नाही, ती घराजवळच्या बाजारातही मिळते. ओळखायची कशी? पेटीतला माल एकसारखा असतो: सगळे नग दीड-दोन किलोचे, एकाच जातीचे, डोळे पांढुरके, कल्ले धुऊन निघाल्यासारखे फिके. ढिवर, म्हणजे इथल्या मासेमार बांधवांच्या जाळ्यातला माल सरमिसळ असतो. एक कटला पाच किलोची, दुसरी दोनची, मधे एखादा शिंगाडा, एखादी बाम, चार तिलापी. खवल्यांवर जाळ्याच्या दोऱ्याच्या तिरप्या रेघा उमटलेल्या दिसतात. या रेघा पेटीतल्या मासोळीवर सहसा दिसत नाहीत.

हॉटेलवाल्याला सरळ विचारा, "भाऊ, आजची कोणती हाय? कुठल्या पाण्यातली?" उत्तरात जात, वजन आणि वेळ आली, म्हणजे "कटला हाय, सकाळची, चार-एक किलोची", तर बसायला हरकत नाही. "सगळं भेटते साहेब" म्हणणाऱ्याकडे बहुधा फ्रीझर असतो. "आज मरळ नाही" असं तोंडावर सांगणारा माणूस इथं सगळ्यात भरवशाचा.

वेळ सांभाळली की अर्धं काम होतं. जाळी पहाटे उचलतात आणि माल सकाळीच काठावर येतो. दहाच्या आत पोचा, मासोळी निवडा, वजन करून घ्या, तिखट किती ते सांगा आणि मग बोटीकडे जा. कापणं, धुणं, मसाला लावून ठेवणं आणि रस्सा, यात सव्वा तास जातो. तुम्ही परत येईपर्यंत ताट तयार होतं. उलटं केलं, म्हणजे आधी बोट, पूल, फोटो आणि दुपारी दोनला जेवण, तर रविवारी उरलेलंच वाट्याला येतं. सकाळी तळून ठेवलेला तुकडा पुन्हा कढईत टाकून देतात, त्याच्या कडा कडक होतात आणि आतून चोथा लागतो. बोटीत लाईफ जॅकेट मागून घ्या आणि बांधूनच बसा.

आता कोणती मासोळी. मरळ असेल तर मरळच. तिला वरची हवा घेऊन जगता येतं, त्यामुळे ती टबात किंवा घमेल्यात थोड्या पाण्यात तासन् तास जिवंत राहते. म्हणूनच ती जिवंतच घ्यावी. मेलेल्या मरळीला जिवंत मरळीचा भाव देऊ नये. बारीक काटा जवळजवळ नाही, मांस घट्ट आणि रश्श्यात तुकडा मोडत नाही. मुलं आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर दुसरा विचारच नको. 700 ग्रॅम ते सव्वा किलोची मरळ चवीला उत्तम. त्याहून मोठीचं मांस रेषाळ होतं.

कटला घ्यायची तर मोठी घ्या, तीन किलोच्या वरची. लहान कटलेत आणि रोहूत दुटोकी बारीक काटे फार, ते शेपटीकडच्या भागात जास्त. तुकडे करताना "पेटीचे द्या" म्हणा. इथं पेटी म्हणजे पोटाकडचा भाग. त्यात बरगडीचे मोठे, दिसणारे काटे असतात आणि चरबीमुळे चवही तिथंच. कटल्याचं डोकं मोठं असतं, वजनाचा चांगला हिस्सा त्यात जातो. ते टाकून देऊ नका, वेगळ्या रश्श्यात घालायला सांगा. ताजेपण कल्ल्यात बघा: लाल आणि ओलसर हवेत, तपकिरी आणि चिकट नकोत. पोट बोटाने दाबा, खड्डा तसाच राहिला तर मासोळी शिळी. रोहू-कटल्याचं पोट सगळ्यात आधी सैल पडतं, म्हणून पाठ दाबून काही कळत नाही.

झिंगा असेल तर डोकं बघा. खराब व्हायची सुरुवात डोक्यातून होते, कारण पचनाचा अवयव तिथं असतो आणि मेल्यावर त्यातले पाचक रस मांस सोडवायला लागतात. डोकं काळपट, लोंबतं किंवा आपोआप सुटणारं असेल तर घेऊ नका. शिजायला 4-5 मिनिटं पुरतात. इथल्या बहुतेक स्वयंपाकघरांत झिंगा पंधरा मिनिटं रटरटतो आणि रबर होतो, म्हणून "शेवटी टाका" असं आधीच सांगून ठेवावं लागतं.

तिलापी स्वस्त आणि काटा कमी, पण तिला आणि तळाशी चरणाऱ्या मिरगळला कधी कधी चिखलाचा वास असतो. पाण्यातल्या शेवाळामुळे तयार होणारं एक द्रव्य मांसात मुरतं, त्याचा तो वास. नुसत्या पाण्याने जात नाही, आंबटाने मोडतो. मीठ-हळद चोळून, चिंचेच्या कोळात किंवा ताकात वीस मिनिटं ठेवून धुतली की बराच कमी होतो. हे सांगितल्यावर कुणी करून देतं, कुणी नाही. वेळ नसेल तर तिलापी तळूनच घ्या, रश्श्यात वास वर येतो.

कापणं जिथं डोळ्यासमोर होतं तिथंच घ्या. पावशीवर (विळीवर) बसलेल्या बाईचं काम बघण्यासारखं असतं. मरळ आणि बाम हातातून निसटतात, म्हणून आधी चुलीची राख चोळतात. राखेने बुळबुळीतपणा धरला जातो आणि मग पावशीच्या पात्यावर एका ओढीत पोट उघडतं. इथं नजर ठेवायची ती पित्ताच्या हिरव्या पिशवीवर. ती फुटली तर आजूबाजूचं मांस कडू होतं आणि मसाल्याने झाकत नाही. फुटलीच तर तेवढा भाग कापून टाकायला सांगा. औषध म्हणून कच्चं पित्त गिळणारे लोक अजूनही भेटतात. रोहू जातीच्या मासोळीचं पित्त किडनी निकामी करू शकतं, तेव्हा ते कुणालाही घेऊ देऊ नका. पोटाच्या आतला काळा पडदा खरवडून काढायला लावा, कडवटपणा आणि वास त्यातही असतो.

वजन अख्ख्या मासोळीचं होतं की साफ केलेल्या तुकड्यांचं, हे भाव ठरवतानाच विचारा. भांडणं होतात ती इथंच. एक किलो अख्ख्या कटल्यातून डोक्यासकट साधारण 750 ग्रॅम आणि डोकं सोडून 500 ते 550 ग्रॅम माल हाती येतो. चार मोठ्या माणसांना दोन किलो अख्खी मासोळी पुरते, अर्धी तळून आणि अर्धी रश्श्यात. रांधणावळ किलोवर वेगळी लावतात. तेल-मसाला आणि भात त्यात आहे का, तेही आधीच बोलून घ्या. मोबाईलच्या पैशांवर विसंबू नका, रोख ठेवा.

रश्श्याबद्दल माझं मत ठाम आहे: ताज्या मरळीला सावजी तर्री नको. लवंग-मिरे आणि तेलाचा तो थर मटणाला शोभतो, इथं मासोळी हरवते. काही ठिकाणी जुना माल खपवायलाच तिखट वाढवतात. त्याऐवजी कांदा आणि सुकं खोबरं तव्यावर काळपट होईस्तोवर भाजून, धने, जिरं, थोडी खसखस आणि लसूण पाट्यावर वाटलेला रस्सा मागा. आंबटाला चिंच किंवा वाळलेल्या कैरीच्या फोडी. रस्सा खळखळून उकळल्यावरच तुकडे सोडायचे, आच मंद करायची आणि आठ-दहा मिनिटांत उतरवायचं. चमचा घालून ढवळलं की तुकडे फुटतात, भांडं फडक्याने धरून हलवायचं असतं. ज्या शेडात बाई भांडं असं गोल फिरवताना दिसते, तिथं डोळे मिटून बसा. सोबत भात घ्या. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि तो मिळाला तर पोळीकडे बघायचं कारण नाही. तळणीचं तेल मात्र कढईत डोकावून बघा. काळं आणि फेसाळ असेल तर फ्राय रद्द करून सगळं रश्श्यात घ्या.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नाग नदी नागपूरचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते आणि कन्हान इथं वैनगंगेत येते. त्यामुळे मासोळी कोणत्या अंगाची, हे विचारणं गरजेचं आहे. वैनगंगेच्या वरच्या अंगाची किंवा आसपासच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी तलावातली असेल तर निश्चिंत घ्या. ढिवर भाऊ सहसा खरं सांगतात, जाळं कुठं लावलं हे लपवण्यात त्यांचा काही फायदा नसतो. उग्र, गटारासारखा वास असेल तर वाद न घालता परत करा. कल्ले, काळीज आणि आतडी कोणत्याही मासोळीची खाऊ नका, घाण साठते ती तिथं.

हंगाम म्हणाल तर नोव्हेंबर ते मे. तलाव उतरायला लागले की फेब्रुवारीनंतर बारीक मासोळी भरपूर येते आणि तांदळाच्या पिठात कुरकुरीत तळलेली ती इथली सर्वांत स्वस्त आणि फार चांगली डिश आहे. पावसाळ्यात नको. जून ते ऑगस्ट रोहू-कटल्याच्या विणीचे दिवस, तेव्हा अंडी भरलेली मासोळी मागून खाणं म्हणजे पुढच्या वर्षीचं जाळं रिकामं करणं. त्यात गोसेखुर्दच्या 33 दरवाज्यांतून विसर्ग सुरू असला की पाणी गढूळ आणि ओढ धोक्याची, बोटीही बंद ठेवतात. महाशिवरात्रीच्या गर्दीत जेवणाचा बेत करू नये. आणि हाच बेत पेंचच्या सफारीला जोडणाऱ्यांसाठी: कुणी तोतलाडोहाची मासोळी म्हणून विकत असेल तर नको म्हणा. राष्ट्रीय उद्यानातल्या त्या जलाशयात मासेमारीला बंदी आहे.

घरी न्यायची असेल तर पोट साफ करून घ्या, पण तुकडे करू नका, अख्खी जास्त टिकते. थर्माकोलच्या डब्यात मासोळीच्या वजनाएवढाच फोडलेला बर्फ, एक थर खाली, एक पोटात, एक वर. तळाला भोक ठेवा, वितळलेल्या पाण्यात बुडून राहिली की दोन तासांत मऊ पडते. बर्फ वेलतूर किंवा मांढळच्या बाजारातून येतानाच घेऊन ठेवलेला बरा, काठावर दुपारी तो हॉटेलवाल्यांनाच पुरत नाही.