मुलांना घेऊन समुद्रात: आधी मालवण की थेट हॅवलॉक?

पाण्यात तोंड बुडवून नळीतून श्वास घ्यायची, म्हणजे स्नॉर्केलिंगची, सवय मुलांना नसेल, तर अंदमानची तिकिटं एवढ्यात काढू नका. आम्ही सांगलीहून आधी मालवणला गेलो आणि दोन वर्षांनी अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर. हा क्रम बरोबर पडला असं मला मनापासून वाटतं.

प्रवासाचा हिशेब सोपा आहे. पहाटे गाडी काढली की कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली करत दुपारच्या जेवणाला मालवणात. आजी-आजोबा सोबत असले तरी अडत नाही. पोरं पाण्यात असताना ते होडीने सिंधुदुर्ग किल्ला बघून येतात. हॅवलॉकसाठी (आता स्वराज द्वीप) आधी पुणे नाहीतर मुंबई गाठायची, मग बहुतेकदा वाटेत विमान बदलून पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, आणि तिथून पुढे दीड-दोन तास बोट. हवा बिघडली की बोटी रद्द होतात, त्यामुळे परतीच्या विमानाच्या आदल्या रात्रीचा मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच ठेवा. चौघांचा खर्च लाखाच्या पुढे जातो. मालवणचे तीन दिवस त्याच्या पाव हिश्शात होतात.

पण खरा फरक पाण्याचा. कोकणातल्या नद्या गाळ आणतात, तो लाटांनी ढवळला की मास्कमधून हिरवट धूसरच दिसतं. दिवाळीनंतर थंडीत पाणी बरंच निवळतं. तेव्हा खडकांभोवती काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे अगदी जवळून दिसतात, प्रवाळ मात्र थोडं. मालवणचा हा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, हे मुलांना आधी सांगून ठेवा. हॅवलॉकच्या एलिफंट बीचला प्रवाळ किनाऱ्याजवळच सुरू होतं आणि पाणी काचेसारखं. सगळं रंगीबेरंगी असेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका: २०१० मध्ये समुद्र तापल्यामुळे अंदमानातलं बरंच प्रवाळ पांढरं पडलं होतं, आणि राखाडी, मेलेले भाग वाटेत दिसतात. ते बघूनही मुलांना काही कळतं.

मालवणला आमच्या आठ वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाचा मास्क दिला गेला. पट्टा आवळून आवळून घातला, तरी गालाच्या बाजूने पाणी शिरलं, नाकात खारट झणका बसला आणि ती रडतच होडीत चढली. त्या दिवशी पुन्हा उतरली नाही. मास्क तपासायची पद्धत मी नंतर शिकले: पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवायचा, केस बाजूला घ्यायचे आणि नाकाने हलका श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावर मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. पडला तर दुसरा मागा, संकोच करू नका. आम्ही पुढे लहान मुलांचे मास्क विकतच घेतले आणि महिनाभर रविवारी जलतरण तलावात सराव केला. नवरा सांगलीत कृष्णेच्या माई घाटावर पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेला, तरी त्यालाही चार दिवस लागले. पोहणारा माणूस पाण्यात तोंड गेलं की श्वास रोखतो. इथे तोच सोडायचा आणि घ्यायचा असतो, तोंडाने आणि सावकाश.

नुसत्या कयाकसाठी (वल्ह्याने चालवायची छोटी, अरुंद होडी) विचाराल तर माझं मत मालवणच्या बाजूने. तारकर्ली-देवबागला कर्ली नदीचं पात्र सकाळी शांत असतं, कडेला खारफुटी, वर बगळे. दोघांच्या कयाकमध्ये मूल पुढे, मोठं माणूस मागे. दुपारी खारे वारे सुटले की वल्हवताना दंड भरून येतात, म्हणून आठच्या आत निघा. ओहोटीला संगमाकडे ओढ असते, तिकडे जायचं नाही. हॅवलॉकला अंधाऱ्या रात्री वल्ह्याच्या फटक्यासरशी पाणी निळसर चमकतं. ते विलक्षण असतं, पण दहा-बारा वर्षांखालच्या मुलांना काळोखात नेऊ नये असं मला वाटतं. तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरीही आहेत. कृष्णाकाठच्या माणसाला मगरीची पाटी गांभीर्याने घ्या म्हणून सांगावं लागणार नाही.

लक्षद्वीपचं खाजण (प्रवाळाच्या कड्याआडचं उथळ पाणी) दोन्हीपेक्षा शांत म्हणतात, पण तिथे प्रवेशाची परवानगी आधी काढावी लागते आणि सुट्टीच्या दिवसांचं जुळवणं अवघड जातं.

दोन्हीकडे सुट्ट्यांची अडचण मात्र सारखीच आहे. दिवाळीत अंदमानला पाऊस आणि वादळाची शक्यता, मेच्या उत्तरार्धात पावसाळा दारात, आणि मालवणच्या होड्याही मेअखेर बंद होतात. मालवणसाठी नाताळ, अंदमानसाठी परीक्षा संपल्याबरोबरचा एप्रिल.

लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं, पोहता येणाऱ्यांनीही. लांब बाह्यांचा टी-शर्ट घाला, नाहीतर पाठ भाजते. माशांना ब्रेड टाकू लागले तर नको म्हणा, आणि प्रवाळावर पाय ठेवू नका, तुकडा उचलू नका. कायद्यानेही बंदी आहे.

एलिफंट बीचला त्याच मुलीने पाण्याखाली माझा हात दाबला आणि बोट दाखवलं. निळा-हिरवा पोपटमासा प्रवाळ कुरतडत होता, आणि त्याचा कटकट आवाज आम्हा दोघींना स्पष्ट ऐकू येत होता.